होथ क्लिफ वॉक, डब्लिन: हिरव्या बाणाबरोबर वळू नका

आधी नाव. मी जवळजवळ वर्षभर ह्याला हाऊथ म्हणत होते आणि ऑफिसात कुणी एका शब्दाने बोललं नाही, इथली माणसं तोंडावर चूक काढतच नाहीत, शेवटी बसस्टॉपवरच्या एका आजींनी हसत हसत सांगितलं की होथ, 'बोथ' म्हणतो ना तसं. नॉर्स लोकांच्या भाषेतला डोकं ह्या अर्थाचा शब्द आहे तो, आणि नकाशात बघितलं की पटतं, डब्लिन बेच्या उत्तर टोकाला समुद्रात डोकं काढून बसलेला डोंगर. स्टेशनच्या पाटीवर आयरिश नावही असतं, बिन एडर.

तर ह्या होथचा क्लिफ वॉक, म्हणजे समुद्राकाठच्या कड्यावरून जाणारी वाट, आत्तापर्यंत माझा तीनदा झालाय. एकदा फेब्रुवारीत (मूर्खपणा), एकदा जुलैच्या रविवारी (त्याहून मोठा मूर्खपणा) आणि एकदा मे महिन्यात, सासू-सासरे आले होते तेव्हा, आणि तो तिसरा इतका भारी झाला की म्हटलं आता लिहूनच टाकते. कारण आपली सगळी मंडळी डब्लिनला आली की होथला जातात, वाटेवरच्या पाट्यांचे हिरवे बाण बघत बघत दोन तासांचा लूप मारतात, चिप्स खातात, फोटो टाकतात आणि "झालं होथ" म्हणतात. नाही झालं. हिरवा बाण जिथे वर वळतो ना, तिथून पुढची वाट ही ह्या सगळ्यातली सगळ्यात चांगली वाट आहे आणि तिथे निम्मी माणसंही येत नाहीत.

जायचं कसं ते सांगते. डार्ट, म्हणजे इथली लोकल, शहराच्या मधून कॉनोली स्टेशनवरून पाऊण तासाच्या आत होथला सोडते, होथ हे शेवटचंच स्टेशन त्यामुळे चुकायचा प्रश्न नाही असं सगळे सांगतात. प्रश्न आहे. उत्तरेला जाणारी लाइन होथ जंक्शनला फुटते, एक फाटा होथला आणि दुसरा मॅलाहाइडला, आणि आमचे साहेब, म्हणजे नवरा, पहिल्या वेळी स्वतंत्रपणे येणार होते, ते फलाटावर आली ती गाडी पकडून कानात हेडफोन घालून बसले आणि पोर्टमार्नोकला डोकं वर काढलं. मी इकडे होथला थंडीत उभी. चूक गाडीची नाही, इंडिकेटरवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, पण वाचावं लागतं. भाडं म्हणाल तर लीप कार्डवर, म्हणजे इथल्या बस-ट्रेनच्या प्रीपेड कार्डवर, 2 युरोत होतं, 90 मिनिटांच्या आत बस बदलली तरी त्यातच, त्यामुळे टॅक्सी वगैरेच्या फंदात पडू नका. आणि गाडी घेऊन तर अजिबात जाऊ नका, वरच्या समिटच्या पार्किंगला वीकेंडला जी रांग लागते ती बघून मला गणपतीत कोकणात जाणारा हायवे आठवला.

स्टेशनातून बाहेर पडलं की सगळे ट्रेल तिथूनच सुरू होतात, रंगाच्या बाणांनी. हिरवा म्हणजे क्लिफ पाथ लूप 6 किलोमीटर, निळा ट्रॅमलाइन लूप 7, लाल ब्लॅक लिन लूप 8 आणि जांभळा बॉग ऑफ फ्रॉग्ज लूप 12 किलोमीटर. पाटीवर वेळ दिलीय हिरव्याला दोन तास आणि जांभळ्याला तीन, पण ती पाटी लिहिणारा माणूस फोटो काढत नसणार, कुठे बसून डबा खात नसणार आणि सोबत सासरे नसणार जे दर पन्नास पावलांवर थांबून दुर्बिणीतून जहाज कुठल्या देशाचं आहे ते बघतात. आपण आपलं दिलेल्या वेळेच्या दीडपट धरायचं.

डावीकडे वळून हार्बरच्या कडेने चालायला लागायचं. इथे घाई करू नका, बंदर मजेदार आहे. पाण्यात सील दिसतात, मोठे राखाडी, मासेवाल्या बोटींच्या आसपास टक्कल वर काढून तरंगत असतात आणि अगदी आपल्याकडे बघतात. त्यांना खायला घालू नका, लोक घालतात आणि मग ते काठाला येऊन हावरटासारखे तोंड उघडतात ते बघवत नाही. पश्चिमेच्या धक्क्यावर एका दगडात पावलं कोरलेली आहेत, चौथा जॉर्ज राजा 1821 च्या ऑगस्टमध्ये इथे उतरला त्याच्या पावलांची. गंमत म्हणजे हे बंदर बांधलं इंग्लंडच्या टपालाच्या बोटींसाठी, पण ते गाळाने भरायला लागलं आणि काही वर्षांतच टपालबोटी खाडीच्या पलीकडे डन लिअरीला गेल्या. राजासुद्धा आला इथून आणि परत गेला तिकडून. हे डन लिअरी पुढे कड्यावरून समोर दिसतं, तेव्हा लक्षात ठेवा, होथची जुनी सवत आहे ती.

पूर्वेच्या धक्क्याजवळ एका टेकाडावर गोल बसका दगडी बुरूज आहे, मार्टेलो टॉवर, नेपोलियन येईल ह्या भीतीने 1804-05 च्या सुमारास किनाऱ्यावर असे बरेच बांधले. नेपोलियन आला नाही, आता आत जुन्या रेडिओंचं म्युझियम आहे. सासऱ्यांना मर्फीचा रेडिओ दिसेल ह्या आशेने आत जायचं होतं, पण ते ठरावीक वेळीच उघडं असतं आणि आम्ही नेमके बंद असताना पोचलो.

इथून बाल्सकॅडन रोडने चढ लागतो. डांबरी रस्ता, दोन्हीकडे घरं, आणि ह्या टप्प्यावरच कळतं कोण दमणार आणि कोण नाही. रस्ता संपतो तिथे किलरॉकचं छोटं पार्किंग, आणि तिथून खरी वाट. उत्तरेला समोर आयर्लंड्ज आय नावाचं बेट, ह्यातला 'आय' म्हणजे डोळा नाही, नॉर्स भाषेत बेटाला 'एय' म्हणतात त्याचं झालेलं आय, तिकडे लांब दिसणारं लॅम्बे बेट त्यातला शेवटचा 'ए' पण तोच. आयर्लंड्ज आयच्या एका टोकाला कड्यावर बर्फ पडल्यासारखं पांढरं दिसतं. ते बर्फ नाही. गॅनेट नावाचे मोठे समुद्रपक्षी शेकडोंनी बसतात तिथे, आणि त्यांची शी.

आता वाट. ज्यांनी राजगड, हरिश्चंद्रगड केलाय त्यांना चढ म्हणून ही वाट किरकोळ वाटेल, आख्खं होथ डोकं जमेस धरलं तरी सगळ्यात उंच जागा, ब्लॅक लिन, 171 मीटर. पण मी सांगते, उंचीवर जाऊ नका. वाट एक माणूस जाईल इतकीच रुंद, डावीकडे सरळ समुद्र, रेलिंग नाही, आणि कडेची माती पोकळ झालेली असू शकते कारण कडा खालून झिजतोय, तशा पाट्याही लावल्यात. गवत दिसतंय म्हणून खाली जमीन असेलच असं नाही. जुलैच्या रविवारी एक मुलगा त्या गवतावर पाठमोरा सरकत सरकत सेल्फी घेत होता आणि मला खरंच ओरडावंसं वाटलं, शेवटी ओरडलेच, मराठीत. त्याला भाषा कळली नाही पण सूर कळला.

खडक मात्र बघण्यासारखा आहे. आपला सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे थंड झालेला लाव्हा, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. हा त्याच्यापुढे खापरपणजोबा आहे, कँब्रियन काळातला, पन्नास कोटी वर्षांहून जुना, समुद्राच्या तळाशी साठलेली वाळू आणि चिखल दाबून दाबून झालेला, त्यामुळे थर कुठे आडवे, कुठे उभे, कुठे पिळलेल्या कपड्यासारखे दिसतात. पावसात मात्र तो चकचकीत गुळगुळीत होतो आणि वाटेवर तो जिथे जिथे उघडा पडलाय तिथे साध्या स्नीकरने घसरायला होतं. नवऱ्याने फेब्रुवारीत ऑफिसचे पांढरे बूट घातले होते. पुढचं सांगत नाही, बूट आता बाल्कनीत कुंडीशेजारी आहेत.

फेब्रुवारीचं निघालंच आहे तर. त्या दिवशी वाऱ्याची यलो वॉर्निंग होती, मेट एरनच्या, म्हणजे इथल्या हवामान खात्याच्या साइटवर स्वच्छ दिसत होती, आणि आम्ही म्हटलं यलोच तर आहे, ऑरेंज थोडीच. नोज ऑफ होथला, म्हणजे वाट जिथे पूर्वेची दक्षिणेकडे वळते त्या नाकाला पोचेपर्यंत डोंगराचा आडोसा होता म्हणून काही वाटलं नाही, आणि वळणावर वाऱ्याने अशी काही धडक दिली की माझी टोपी गेली, चष्मा जाता जाता वाचला आणि मी सरळ खाली बसले. खरंच बसले, चिखलात. मागून एक साठीच्या बाई कुत्र्याला घेऊन आल्या, शांतपणे म्हणाल्या की आज वरच्या वाटेने जा गं, ही वाट उद्याही इथेच असेल, आणि स्वतः मागे फिरल्या. आम्हीही फिरलो. तर वॉर्निंग असेल तर यलोलाही कड्याची वाट नको, आणि कुणी खाली पडलेलं, अडकलेलं दिसलं तर स्वतः उतरायला जाऊ नका, 112 किंवा 999 लावायचा आणि कोस्ट गार्ड मागायचा.

मे महिन्यात त्याच वळणावर वारा असा नव्हताच. आणि सगळा डोंगर पिवळा. गॉर्स म्हणून काटेरी झुडूप आहे, एप्रिल-मेमध्ये पानं दिसणार नाहीत इतकं फुलतं, आणि त्याचा वास, तुम्ही विश्वास ठेवणार नाही, ओल्या खोबऱ्याचा. सासूबाई थांबून म्हणाल्या, "अगं, इथे कोण नारळाच्या वड्या करतंय?" मी म्हटलं आई, ही फुलं. त्यांनी वाकून वास घेतला, काटा टोचून घेतला, परत घेतला. नंतर वाटेभर त्या हेच बोलत होत्या की दिसायला बाभळीसारखं आणि वास ओल्या नारळाचा, देवाने काय डोकं लढवलंय. ऑगस्टमध्ये पिवळं बरंचसं जातं आणि हेदर फुलतं, मग डोंगर जांभळा होतो. दोन्हीतलं एक निवडायचं तर मी मे निवडेन, पक्ष्यांमुळे.

कारण मे ते जुलै खालचे कडे म्हणजे चाळ असते चाळ. किटिवेक, गिलमॉट, रेझरबिल, प्रत्येकाला वीतभर जागा, अंडं तिथेच, भांडण तिथेच, आणि किटिवेक हा आपलंच नाव घेऊन ओरडतो, किट्टी-वेऽक किट्टी-वेऽक, दिवसभर. वास येतो, नाही असं नाही. सासरे दुर्बीण घेऊन एका जागी वीस मिनिटं बसले आणि मग गंभीरपणे म्हणाले, "गिरगावात आम्ही असेच राहायचो." ऑगस्ट संपेपर्यंत हे कडे रिकामे होतात, पक्षी परत समुद्रात, मग नुसते पांढरे ओघळ.

आणि शेळ्या! 2021 च्या उन्हाळ्यात इथे गॉर्सला मोठे वणवे लागले होते, बरेच दिवस धुमसत होते, तर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जुन्या आयरिश जातीच्या शेळ्यांचा एक कळप आणून डोंगरावर चरायला सोडला, म्हणजे त्या झुडूप खाऊन कमी करतील आणि पुढची आग पसरायला रान कमी मिळेल. गळ्यात जीपीएसचे पट्टे आहेत, कुंपण नाही, ठरलेल्या हद्दीच्या बाहेर निघाल्या की पट्टा वाजतो. आम्हाला तीनदा जाऊन एकदाच दिसल्या, लांबून, शिंगं मात्र जबरदस्त. सासऱ्यांचं मत: शेळी सोडायला एवढं टेक्नॉलॉजीचं काय कौतुक, आमच्या गावात एक पोरगा आणि एक काठी पुरायची.

आता मुद्द्याची जागा. कड्याच्या कडेने दक्षिणेकडे चालत आलात की एका टप्प्यावर समोर उघडतं ते चित्र, जे सगळ्या कॅलेंडरवर असतं: खाली समुद्रात घुसलेली खडकाची अरुंद जीभ आणि तिच्या टोकाला पांढरं बेली लाइटहाऊस, मागे आख्खी डब्लिन बे, पलीकडे विकलोचे डोंगर, त्यात शुगर लोफचा टोकदार शंकू, उजवीकडे पूलबेगच्या जुन्या वीजकेंद्राच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दोन चिमण्या, 207 मीटरच्या, म्हणजे आपण उभ्या असलेल्या आख्ख्या डोंगरापेक्षा उंच. इथे सगळे थांबतात, फोटो काढतात आणि हिरवा बाण उजवीकडे वर समिटच्या पार्किंगकडे वळतो तसे वळतात. निळा वळतो, लालही वळतो. एकटा जांभळा सरळ जातो.

जांभळ्याबरोबर जा. बारा किलोमीटर करायचे नसतील तरी जा, त्याची युक्ती सांगते.

वाट उतरत उतरत लाइटहाऊसच्या डांबरी रस्त्याला येते. लाइटहाऊसच्या आत जाता येत नाही, गेट आहे, पण गोष्ट ऐकण्यासारखी आहे. आधीचा दिवा वर डोंगरावर होता, आणि ढग खाली उतरले की जेव्हा खरी गरज तेव्हाच दिवा धुक्यात गायब, म्हणून 1814 मध्ये हा खाली टोकावर बांधला. तरीही 1853 च्या फेब्रुवारीत क्वीन व्हिक्टोरिया नावाची बोट बर्फाच्या वादळात इथल्या खडकावर आपटून बुडाली, ऐंशीच्या आसपास माणसं गेली, त्यानंतर धुक्यातली घंटा बसली. 1997 पर्यंत इथे माणूस राहून दिवा सांभाळायचा, आयर्लंडमधलं माणूस असलेलं शेवटचं लाइटहाऊस हेच. मला ते वाचून कसंतरीच झालं, म्हणजे मी दहावीत होते तेव्हा इथे कुणीतरी रात्रपाळी करत होतं.

रस्ता ओलांडला की दुसरी बाजू सुरू होते आणि हा वेगळाच ट्रेल आहे असं वाटावं इतका बदल. तोंड दक्षिणेला, त्यामुळे वारा कमी, ऊन जास्त. वाट श्रीमंतांच्या बंगल्यांच्या परसामागून जाते, एकीकडे उंच भिंत किंवा कुंपण, दुसरीकडे ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्या आणि नेचे, त्यांच्यामधून एकदम खिडकी उघडल्यासारखी खाली छोटी छोटी वाळू दिसते जिथे उतरायला पायऱ्या आहेत पण निम्म्या तुटलेल्या. समोर पाण्यात वेल्समधल्या होलीहेडची फेरी बोट येताना दिसली तर ती डब्लिन बंदरात शिरेपर्यंत आपल्याबरोबर चालते. माणसं इतकी कमी की समोरून कुणी आलं तर हाय म्हणून दोन वाक्यं बोलतात, हवेबद्दल अर्थातच. मे महिन्यातल्या त्या दिवशी मी मोजलं, बेलीपासून रेड रॉकपर्यंत आम्हाला फक्त चौदा माणसं आणि सहा कुत्रे भेटले. त्याच दिवशी अलीकडच्या टप्प्यावर दर मिनिटाला बाजूला व्हावं लागत होतं.

रेड रॉकला खडक खरोखरच लालसर होतो आणि वाट संपत येते. जांभळा बाण इथून पुढे परत वर डोंगरात घुसतो, दलदल, गोल्फ कोर्स वगैरे करत होथला परत नेतो, आणि स्पष्ट बोलायचं तर तो भाग मला आवडला नाही. जुलैमध्ये केला होता. वरच्या बाजूला दोन-तीन फाट्यांवर बाण एकतर झुडपात लपलेला किंवा नाहीच, आम्ही चुकून गोल्फवाल्यांच्या अंगणात, एका माणसाने हातवारे करून बाजूला केलं आणि पाठोपाठ चेंडू. वर समुद्र सोडून बऱ्याच ठिकाणी रस्ता आणि घरं. ज्याला किलोमीटर मोजायचेत त्याने करावा. बाकीच्यांनी रेड रॉकवरून समुद्राच्या कडेने सरळ सटनकडे चालत सुटायचं. आधी एक मार्टेलो टॉवर लागतो, मग फुटपाथ, डावीकडे उथळ पाणी, ओहोटी असेल तर लांबपर्यंत वाळू आणि पलीकडे बुल आयलंड, जे बेट दोनशे वर्षांपूर्वी नव्हतंच, बंदराचा गाळ अडवायला 1825 मध्ये भिंत पूर्ण झाली आणि तिच्यामागे वाळू साठत साठत बेट तयार झालं. मग सटन क्रॉस, आणि सटन स्टेशन, होथच्या आधीचंच. म्हणजे होथला उतरायचं, सटनला चढायचं, मागे फिरायची भानगड नाही, माझ्या फोनने अकरा किलोमीटरच्या आतबाहेर दाखवले आणि आम्हाला डबा, पक्षी, जहाजं सगळं धरून पाच तास लागले.

ही काही माझी अक्कल नाही. इथे 1901 पासून 1959 पर्यंत ट्रॅम धावायची, सटन स्टेशनवरून निघून समिटवर चढायची आणि पलीकडे होथ स्टेशनला उतरायची. म्हणजे जुन्या लोकांना हे माहीत होतं की ह्या डोंगराला दोन दरवाजे आहेत. निळा ट्रेल त्या ट्रॅमच्या जुन्या मार्गावरूनच जातो, आणि गुडघेदुखीवाल्यांसाठी तो बरा, ट्रॅम चढायची म्हणजे चढ सौम्यच असणार.

गुडघ्यांवरून आठवलं, आईवडील, सासूसासरे घेऊन जाणाऱ्यांसाठी. सगळ्यांनाच काही अकरा किलोमीटर झेपणार नाहीत. त्यांनी चढायचंच नाही, शहरातून एच थ्री बस घ्यायची, ती थेट वर होथ समिटला सोडते, तिथून पार्किंगपर्यंत पाच-दहा मिनिटं चाललं की ते कॅलेंडरवालं लाइटहाऊसचं दृश्य समोर, बसायला बाक. तिथून वाटलं तर हिरवा ट्रेल उलटा, उताराउताराने होथ हार्बरला. मी सासूबाईंना हाच पर्याय दिला होता, अगदी प्रेमाने, की आई तुम्ही आणि बाबा बसने वर या, आम्ही चालत येऊन भेटतो. त्या म्हणाल्या, "मी गेल्या वर्षी पर्वती रोज चढत होते, तुम्ही बसने या." आणि खरंच सांगते, साध्या कॅनव्हासच्या बुटात त्या सगळ्यात पुढे होत्या. (तरी तुम्ही ग्रिपवाले बूट घाला. त्यांची गोष्ट वेगळी.)

तक्रारी. एक, बाणांची, ती वर आलीच. दोन, एकदा बाल्सकॅडन सोडलं की वाटेत टॉयलेट नाही, हार्बरला जाऊन घ्या, मी सांगतेय ते ऐका. पाणीही मिळत नाही. तीन, गर्दी, ऊन पडलेल्या वीकेंडला नोज ऑफ होथपर्यंत नुसती जत्रा, स्पीकर लावून चालणारे महाभाग इथेही आहेत. वारी करायची असेल तर वीकडेला किंवा सकाळी नऊच्या आत. नाहीतर जूनमध्ये ऑफिसनंतर जा, सूर्य दहाच्या जरा आधी मावळतो, सहाला निघालात आणि वाटेत फार रेंगाळला नाहीत तर उजेडात सटन गाठता. डिसेंबरमध्ये मात्र चारला अंधार, दुपारी दोनला निघणाऱ्यांना नमस्कार.

चार, चिप्स. हार्बरवरच्या एका दुकानातून मी जुलैमध्ये कॉड आणि चिप्स घेतले, पाऊण तास रांग, आत तेल थबथबलेलं, आणि बाकावर बसून पहिला तुकडा तोंडात घालते तोच मागून सीगलने कॉडचा आख्खा तुकडा उचलून नेला. माझ्या बोटाला चोच लागली. शेजारच्या बाकावरच्या आयरिश बाबाने सांगितलं की भिंतीला पाठ लावून बसायचं, सीगल पुढून येत नाही, मागून येतो. हा सल्ला मी ऑफिसातही वापरते. मे महिन्यात आम्ही सासूबाईंनी केलेले तिखटमिठाचे पराठे बेलीच्या अलीकडे गवतात बसून खाल्ले, तिथे सीगल नव्हता आणि असता तरी सासूबाईंपुढे त्याची हिंमत झाली नसती.

अजून एक. सुरुवातीला वेळ असेल तर स्टेशनपासून जवळच होथ कॅसल आहे, त्याची दंतकथा सासूबाईंना फार आवडली. 1576 मध्ये ग्रेस ओमॅली नावाची समुद्री चाच्यांची राणी भेटायला आली, तर जेवणाची वेळ म्हणून दरवाजे बंद आणि तिला आत घेतलं नाही. तिने सरळ वारसदार मुलालाच पळवला आणि सोडताना अट घातली की इथून पुढे दरवाजे बंद ठेवायचे नाहीत आणि जेवणाच्या टेबलावर एक पान कायम जास्तीचं मांडायचं. "म्हणजे हिरकणीचं उलटं," सासूबाई म्हणाल्या, "ती बाळासाठी बाहेर पडली, आणि ही दुसऱ्याचं बाळ घेऊन गेली. पण एक पान जास्त मांडायचं हे बरोबर आहे हो."

पाचपैकी साडेचार. अर्धा बाणांसाठी कापला. फक्त हिरवा लूप केलात तर साडेतीन, आणि वाऱ्याच्या दिवशी गेलात तर मार्क द्यायला मी जबाबदार नाही.

आणि हो, डार्टमध्ये चढताना टॅप करतो तसं उतरतानाही लीप कार्ड टॅप करायचं असतं, नाहीतर जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. सटनहून परत आल्यावर पाय इतके भरून आले होते की आम्ही तिघं तसेच बाहेर पडलो, आणि सासरे एकटे मागे राहून मशीनपुढे उभे, "अरे, हे बीप करायचं राहिलं ना तुमचं."